गोंडे गळले की कात्री

फेब्रुवारी सरत आला तरी कॅनडातल्या ओंटारियो प्रांतात ओढ्याकाठचा बर्फ हटलेला नसतो. मेपलची झाडं ओकीबोकी उभी असतात, गेल्या वर्षीचं गवत जमिनीला चिकटून पडलेलं असतं. अशा वेळी पाणथळीतल्या एका झुडपाच्या निष्पर्ण काड्यांवर रुपेरी लवेचे गोंडे दिसू लागतात. थोड्याच दिवसांत या काड्यांच्या जुड्या फुलवाल्यांच्या दुकानात येतात आणि महिनोन्महिने अंगणात फूल न पाहिलेली माणसं त्या हौसेनं घरी नेतात. हे झुडूप म्हणजे पुसी विलो. कॅनडाच्या मोठ्या भागात आणि अमेरिकेच्या उत्तरेकडच्या राज्यांत ते रानात आपसूक वाढतं. वनस्पतिशास्त्रात त्याचं नाव सॅलिक्स डिस्कलर.

ते जगवणं अगदी सोपं आहे. ओल्या मातीत काडी खोचली की बहुधा लागतेच. दरवर्षी त्यावर भरगच्च गोंडे आणणं मात्र तितकं सोपं नाही. चार-पाच वर्षांनी झुडूप उंचच उंच जातं, गोंडे शेंड्यांवर, हाताला न लागणाऱ्या जागी उरतात आणि ते बारीकही होतात. मालक खत घालतो, पाणी वाढवतो, तरी फरक पडत नाही. कारण उणीव अन्नपाण्याची नसते, छाटणीच्या वेळेची असते. या झुडपाचं वर्ष कसं चालतं हे एकदा नीट कळलं, की त्याची बहुतेक निगा आपोआप कळते.

मुळात हा गोंडा म्हणजे अजून न उमललेला फुलोरा आहे. विलोच्या फुलाला पाकळ्या नसतात. अनेक बारीक फुलं एका दांड्यावर दाटीनं बसतात. अशा फुलोऱ्याला वनस्पतिशास्त्रज्ञ नतकणिश म्हणतात. प्रत्येक फुलाच्या बुडाशी एक लहानसं छद असतं आणि त्यावर लांब रेशमी केस असतात. आपल्याला दिसते ती रुपेरी लव म्हणजे हे केस. विलोच्या कळीवर एकच खवला असतो, टोपीसारखा चढवलेला. बहुतेक झाडांच्या कळ्यांवर एकावर एक अनेक खवले असतात, त्यामुळे हिवाळ्यात पानं नसतानाही विलो ओळखण्याची ही पक्की खूण ठरते. ही टोपी गळाली की आतला गोंडा उघडा पडतो.

ही लव नुसती शोभेची नाही. उन्हाची ऊब केसांमध्ये अडकून राहते आणि निरभ्र दिवशी गोंड्याच्या आतलं तापमान बाहेरच्या हवेपेक्षा कित्येक अंशांनी जास्त असतं. गोठणबिंदूच्या आसपासच्या हवेतही आतल्या फुलांची वाढ चालू राहते ती यामुळे. मग एखाद्या उबदार आठवड्यात केसांमधून पुंकेसर बाहेर येतात, रुपेरी गोंडा पिवळाधमक होतो आणि त्यावर माश्यांची गर्दी जमते. विलोचे पराग वाऱ्यानंही पसरतात, पण त्याच्या फुलात मकरंदही असतो, म्हणजे कीटकांसाठी त्यानं खास सोय केलेली आहे. उत्तर अमेरिकेत जमिनीत बीळ करून राहणाऱ्या एकाकी मधमाश्यांपैकी कोलेटीस इनइक्वालिस ही फार लवकर जागी होते. त्या दिवसांत तिला मिळणाऱ्या मोजक्या खाद्यांत विलो आणि तांबडा मेपल हे मुख्य. पेट्यांतल्या पाळीव मधमाश्याही याच परागांवर नव्या पिलावळीची सुरुवात करतात.

बागकामाच्या दृष्टीनं सगळ्यात महत्त्वाची गोष्ट कळीच्या जन्मवेळेची आहे. मार्चमध्ये दिसणारा गोंडा मार्चमध्ये तयार झालेला नसतो. आदल्या उन्हाळ्यात फुटलेल्या नव्या काडीवर, पानाच्या बगलेत, त्याची कळी धरलेली असते. शरद ऋतूत पानं झडताना ती फुगीर होते. पानाची कळी बारीक आणि काडीला चिकटलेली असते, फुलाची जाड असते, त्यामुळे बोट फिरवलं तरी दोन्हींतला फरक जाणवतो. त्यानंतर तिला लागते थंडी, आणि तीही सलग काही आठवडे. ही थंडी मिळाल्याशिवाय कळी जागी होत नाही. हे झुडूप उणे ३० अंशांपर्यंतचा कडाका सोसतं, पण जिथे हिवाळाच नाही तिथे ते नुसतं पानांवर राहतं, तेही कसंबसं.

नर की मादी?

विलोची नर आणि मादी झाडं वेगळी असतात. ज्याच्यासाठी लोक हे झुडूप लावतात तो टपोरा, पुढे पिवळा होणारा गोंडा नराचा. मादीचेही गोंडे सुरुवातीला रुपेरी असतात, पण ते तुलनेनं लहान राहतात, पुढे हिरवट होतात आणि शेवटी त्यांतून कापूस लागलेलं बी उडतं. रोपवाटिकेतून झुडूप घेताना ते नर आहे ना, हे स्पष्ट विचारून घ्यावं. शेजाऱ्याच्या झाडाची काडी आणायची तर ते फुलावर असताना पाहून घ्यावं. पिवळी परागकोशांची टोकं दिसली तर नर, आणि बाटलीच्या आकाराचे हिरवट बीजकोश दिसले तर मादी. काडीपासून वाढवलेलं झाड मूळ झाडाचंच लिंग घेऊन येतं, त्यामुळे फसगत होत नाही. घरात कुणाला परागांची ॲलर्जी असेल, तर खिडकीजवळ नर झुडूप लावण्याआधी विचार करावा.

बियांपासून विलो वाढवण्याच्या फंदात कुणी पडत नाही. हे बी इतकं नाजूक असतं, की काही दिवसांतच त्याची उगवणशक्ती संपते. त्या अवधीत ओली आणि मोकळी माती मिळाली तरच ते रुजतं. ही अट एरवी क्वचितच जुळून येते, पण जुळली की काय होतं याचं मोठं उदाहरण इंग्लंडमध्ये आहे. ससेक्स परगण्यातल्या नेप इथे चार्ली ब्युरेल आणि इसाबेला ट्री या दांपत्यानं न परवडणारी शेती थांबवून सुमारे साडेतीन हजार एकर जमीन हळूहळू निसर्गाच्या हवाली केली. पेरणी बंद झालेल्या ओल्या चिकणमातीच्या शेतांवर गोट विलोचं, म्हणजे युरोपातल्या पुसी विलोचं, आणि त्याच्या भावंडांचं बी येऊन पडलं आणि तिथे विलोचं रानच माजलं. मागोमाग पर्पल एम्परर हे जांभळ्या झळाळीचं फुलपाखरू आलं. त्याची मादी अशाच विलोंच्या पानांवर अंडी घालते, आणि सुरवंट सगळा हिवाळा काडीला चिकटून काढतो. आज ब्रिटनमधली या फुलपाखराची सर्वांत मोठी वस्ती नेपमध्ये आहे. इसाबेला ट्री यांच्या २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘वाइल्डिंग’ या पुस्तकात ही सगळी हकिगत आहे.

जाती आणि त्यांचे स्वभाव

पुसी विलो हे नाव एकाच जातीचं नाही. अमेरिकेत ते सॅलिक्स डिस्कलरला लावतात, तर युरोपात सॅलिक्स कॅप्रिया, म्हणजे गोट विलो, याच नावानं ओळखला जातो. तो मोकळा वाढू दिला तर आठ-दहा मीटरचा वृक्ष होतो, तेव्हा लहान अंगणात लावण्याआधी हे लक्षात ठेवलेलं बरं. डिस्कलर बहुधा दोन ते सहा मीटरांत राहतो आणि बुडातूनच अनेक फांद्या काढतो.

तिसरा महत्त्वाचा प्रकार जपान, कोरिया आणि चीनमधला सॅलिक्स ग्रॅसिलिस्टायला. याचे गोंडे मोठे, करड्या झाकेचे, आणि परागकोश पिवळे होण्याआधी लालसर दिसतात. जपानी पुष्परचनेत याच्या काड्यांना मानाचं स्थान आहे. याचेच दोन निवडक वाण आता जगभरच्या रोपवाटिकांत मिळतात. ‘मेलानोस्टॅकिस’चे गोंडे चक्क काळे असतात आणि त्यांतून विटकरी लाल परागकोश डोकावतात. ‘माउंट आसो’चे गुलाबी असतात. क्यूशू बेटावरच्या ज्वालामुखीचं नाव त्याला मिळालं आहे. दोन-अडीच मीटरांत मावणारी ही झुडपं छोट्या बागेसाठी मूळ अमेरिकन पुसी विलोपेक्षाही सोयीची आहेत. एकच झुडूप लावायला जागा असेल आणि कीटकांची काळजी असेल, तर मात्र त्या त्या प्रदेशातला स्थानिक विलो निवडावा. तिथल्या माश्या आणि फुलपाखरं त्याच्याशी हजारो वर्षं जुळवून घेत आलेली असतात.

‘किलमार्नॉक’ची गोष्ट वेगळी आहे. स्कॉटलंडमध्ये एअर नदीच्या काठी १८५० च्या सुमारास गोट विलोचं एक झाड सापडलं, त्याच्या फांद्या वर जाण्याऐवजी खाली लोंबत होत्या. किलमार्नॉक गावच्या टॉमस लँग या रोपवाटिकावाल्यानं ते विक्रीला आणलं आणि ते घराघरांत पोचलं. हे झाड स्वतःहून उंच होत नाही. दुसऱ्या विलोच्या सरळ खुंटावर, साधारण दीड मीटर उंचीवर त्याचं कलम बांधतात आणि मग तिथून फांद्या छत्रीसारख्या खाली येतात. म्हणजे विकत घेतलं त्या दिवशी जी उंची, तीच कायमची. पुढे वाढतो तो फक्त घेर. नर वाण ‘किलमार्नॉक’, आणि तसंच लोंबतं मादी झाड ‘वीपिंग सॅली’ या नावानं विकलं जातं. कलमाच्या खालून, खुंटाला फूट येते. ती सरळसोट आणि जोमदार असते आणि ठेवली तर दोन-तीन वर्षांत वरच्या कलमाला मारून टाकते. ती दिसताक्षणी बुडातून काढायलाच हवी.

कलम बांधण्याचं आणखी एक कारण म्हणजे गोट विलोची काडी सहज मूळ धरत नाही. विलोच्या कुळात हा अपवाद आहे. बाकीच्या बऱ्याच विलोंच्या सालीखाली मुळांचे अंकुर आधीपासूनच तयार असतात, ओल मिळाली की ते बाहेर पडतात. फुलदाणीत ठेवलेल्या पुसी विलोच्या काड्यांना आठवड्याभरात पांढरी मुळं फुटलेली दिसतात ती यामुळेच.

काडी लावणं

डिस्कलर किंवा ग्रॅसिलिस्टायलाची काडी हिवाळ्याच्या अखेरीस, पानं फुटण्याआधी काढावी. गेल्या उन्हाळ्यात वाढलेली, पेन्सिलीच्या जाडीची आणि वीत-सव्वा वीत लांबीची काडी उत्तम. खालचा काप तिरका आणि वरचा सरळ घेतला, तर कोणतं टोक मातीत जायचं हे चुकत नाही. उलटी लावलेली काडी लागली तरी रोप कायम कमजोर राहतं. दोन तृतीयांश काडी मातीत जाऊ द्यावी आणि वर दोन-तीन डोळे ठेवावे. माती सतत ओलसर राहिली की दुसरं काही करावं लागत नाही, मूळ फुटण्याची पावडरसुद्धा लागत नाही. उलट, कोवळ्या विलोच्या काड्या पाण्यात भिजवून ते पाणी इतर झाडांच्या कलमांना घालण्याची पद्धत जुन्या माळ्यांमध्ये आहे.

काडीला पाण्यात मुळं फोडून मग मातीत लावायची, हा मार्ग मुलांना दाखवायला छान आहे. पण पाण्यातली मुळं ठिसूळ असतात आणि मातीत गेल्यावर त्यांना पुन्हा जम बसवावा लागतो. ती बोटभर होण्याआधीच काडी मातीत हलवावी.

जागा निवडताना दोन गोष्टी पाहायच्या, ऊन आणि पाणी. दिवसाचं किमान सहा तास ऊन मिळालं तर गोंडे दाट येतात. सावलीत झुडूप जगतं, पण काड्या लांबट होतात आणि कळ्या विरळ धरतात. इतर शोभेच्या झाडांची मुळं जिथे कुजतात अशी चिकट, निचरा नसलेली माती याला चालते. पावसाचं पाणी साठणारा अंगणाचा कोपरा किंवा तळ्याचा काठ या दोन्ही जागा त्याच्याच म्हणायच्या. कोरड्या जागी लावलं, तर पहिली दोन वर्षं दर आठवड्याला भरपूर पाणी द्यावं आणि बुडाभोवती लाकडाच्या ढलप्यांचं किंवा पालापाचोळ्याचं चार बोटं जाड आच्छादन घालावं. आच्छादन खोडाला टेकू देऊ नये. खत म्हणून वसंतात एकदा टोपलीभर कंपोस्ट पुरे. नत्राचा मारा केला तर लुसलुशीत फूट येते आणि तिच्यावर मावा पडतो.

याच पाण्याच्या ओढीमुळे एक काटेकोर नियम पाळावा लागतो. सांडपाण्याच्या नळाजवळ, सेप्टिक टाकीजवळ किंवा घराच्या पायाला लागून विलो कधी लावू नये. जुन्या नळाच्या सांध्यातून झिरपणारी ओल त्याची मुळं बरोबर हुडकतात, आत शिरतात आणि नळ तुंबवतात. झुडूप विलो मोठ्या वीपिंग विलोइतके आक्रमक नसतात, पण त्या भरवशावर राहू नये. उत्तर अमेरिकेतल्या उपनगरांत अनेक घरांच्या मागच्या अंगणात मलनिस्सारणाचं शोषक्षेत्र गवताखाली लपलेलं असतं. न्यू जर्सीत किंवा टोरांटोजवळ नवं घर घेतलेल्या मराठी कुटुंबानं खड्डा खणण्याआधी घराच्या नकाशात ते कुठे आहे हे पाहून घ्यावं.

छाटणी

सगळी गोम इथे आहे. माणसाचा स्वाभाविक कल असा, की झाड फुललेलं असताना हात लावायचा नाही, आणि पानगळीनंतर, शरदात, बाग आवरताना कात्री चालवायची. पुसी विलोच्या बाबतीत हे अगदी उलटं पडतं. शरदात कापलेल्या प्रत्येक काडीबरोबर पुढच्या मार्चचे गोंडे कापले जातात. कात्री चालवायची ती गोंडे गळताच, पानं नुकती डोकावू लागताना. आणि तीही भीत भीत नाही.

नाशिककडच्या द्राक्षबागायतदाराला हे समजावून सांगावं लागणार नाही. माल निघून गेल्यावर एप्रिलमध्ये तो वेल खरडून काढतो. त्या खरड छाटणीनंतर फुटलेल्या काडीच्या डोळ्यात पुढच्या हंगामाचा घड तयार होतो, आणि ऑक्टोबरच्या छाटणीनंतर तो बाहेर पडतो. पुसी विलोचंही असंच आहे. वसंतातली छाटणी ही त्याची खरड छाटणी. तिच्यातून उन्हाळाभर लांब, सरळ काड्या येतात आणि त्यांच्यावर कळ्या धरतात. दुसऱ्या छाटणीचं काम मात्र इथे हिवाळा करतो.

प्रत्यक्षात ती कशी करायची, हे झुडुपाकडून काय हवं त्यावर ठरतं. बागेत भरदार झुडूप हवं असेल, तर दरवर्षी सगळ्यात जुन्या, जाड, करड्या सालीच्या फांद्यांपैकी साधारण एक तृतीयांश फांद्या थेट जमिनीलगत कापाव्यात. वरच्यावर शेंडे खुडून गोल आकार देण्याची चूक फार जण करतात. त्यानं शेंड्यावर झाडूसारखे बारीक फाटे येतात आणि बूड उघडं पडतं. जुन्या फांद्या बुडातून काढत गेलं, तर तीन वर्षांच्या चक्रात सगळं झुडूप नवं होतं, आणि तरी एकाही वसंतात ते उघडं दिसत नाही.

फुलदाणीसाठी लांब काड्या हव्या असतील, तर फुलशेतकरी करतात तसं करावं. दर वसंतात सगळं झुडूप जमिनीपासून वीतभर उंचीवर कापून टाकायचं. जमलेल्या मुळांच्या जोरावर त्या बुंध्यातून एका उन्हाळ्यात दीड-दीड मीटरच्या, फाटे नसलेल्या काड्या उभ्या राहतात. पहिल्यांदा असं करताना धीर होत नाही, फुलाफळाला आलेलं झाड मारतोय असं वाटतं. पण विलो नदीकाठचं झाड आहे. पुरानं मोडणं, बर्फाच्या लाद्यांनी घासून निघणं आणि बीव्हरनं बुडातून कुरतडणं हे सगळं सोसूनच ते घडलेलं आहे, आणि बुडातून पुन्हा फुटणं ही त्याची जगण्याची रीतच आहे. कोवळ्या झुडुपाला मात्र मुळं धरायला दोन वर्षं द्यावीत, मगच हा प्रयोग करावा.

कलमी ‘किलमार्नॉक’ला असं कधीही कापू नये. कलमाच्या वर त्याचं स्वतःचं असतं, खाली सगळं परकं. गोंडे गळल्यावर छत्रीच्या आतल्या वाळक्या, एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या काढाव्यात आणि बाकीच्या आखूड कराव्यात. कापताना बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या वर काप घ्यावा, म्हणजे नवी फांदी आधी बाहेर झेपावते आणि मग लोंबते. हे वर्षानुवर्षं केलं नाही, तर वाळक्या काड्यांचा एक गुंता तयार होतो आणि झाड वरच्या भारानं कलतं.

उन्हाळ्याच्या मध्यानंतर कुठल्याच पुसी विलोला कात्री लावू नये. अपवाद फक्त मोडलेल्या आणि रोगट फांद्यांचा, आणि लावायला किंवा फुलदाणीसाठी हिवाळ्यात काढलेल्या मोजक्या काड्यांचा.

कीड, रोग आणि खाणारे

विलोवर राहणाऱ्या किड्यांची यादी फार मोठी आहे, आणि बहुतेकांकडे दुर्लक्ष करणं हेच उत्तम. मावा, पानं चाळणीसारखी करणारे भुंगेरे, खवले कीड, पानांवरचा तांबेरा आणि भुरी हे नेहमीचे पाहुणे. यातले काही भुंगेरे मोठे हुशार आहेत. विलोच्या पानांत सॅलिसिन हे कडू द्रव्य असतं, ते खाणाऱ्याला परतवण्यासाठी. पण या भुंगेऱ्यांच्या अळ्या तेच सॅलिसिन पचवून त्याचं उग्र वासाचं रसायन बनवतात आणि ते पाठीवरच्या ग्रंथींतून सोडून मुंग्यांना दूर ठेवतात.

उत्तर अमेरिकेत कधीकधी काडीच्या टोकाला पाइनच्या बोंडासारखी खवल्याखवल्यांची गाठ दिसते. नवखा मालक ती झाडाचं फळ समजतो. ते एका चिमुकल्या माशीचं घर असतं, आणि अळी आत हिवाळा काढते. झाडाला त्यानं काही होत नाही.

फांदीच्या सालीवर काळे, खोलगट व्रण पडून टोकं वाळू लागली तर मात्र हयगय करू नये. हा बुरशीचा रोग ओल्या वसंतात पसरतो. व्रणाच्या बराच खाली, निरोगी लाकडात काप घ्यावा, कापलेलं जाळावं किंवा कचऱ्यात द्यावं, आणि प्रत्येक कापानंतर कात्री स्पिरिटनं पुसावी. जुन्या फांद्या नियमित काढलेल्या, हवा खेळती असलेल्या झुडुपात हा रोग क्वचितच ठाण मांडतो. म्हणजे इथेही छाटणीच कामी येते.

कीटकनाशकाची फवारणी या झुडुपावर फुलोऱ्याच्या काळात तर अजिबात करू नये. वर्षातल्या पहिल्या परागांसाठी आलेल्या माश्या तिच्यात मरतात. खरी नासधूस करतात ते चार पायांचे. हरणं कोवळे शेंडे खातात आणि शिंगं घासून साल सोलतात, ससे हिवाळ्यात बर्फाच्या पातळीवर काड्या कुरतडतात. पहिली काही वर्षं बुडाभोवती जाळीचं कोंडाळं करणं हाच खात्रीचा उपाय.

घरात आणलेल्या काड्या

पूर्व आणि उत्तर युरोपात ताडाची पानं मिळत नाहीत. त्यामुळे ईस्टरच्या आधीच्या रविवारी, येशूच्या जेरुसलेम प्रवेशाच्या सणाला, पोलंड, युक्रेन, लिथुआनिया आणि रशियात लोक विलोच्या गोंडेदार काड्या चर्चमध्ये आशीर्वादासाठी नेतात. त्या वर्षभर देवाच्या तसबिरीमागे खोचून ठेवतात. घसा दुखू नये म्हणून आशीर्वादित गोंडा गिळण्याची जुनी रीत पोलंडमध्ये होती. ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी, पोलिश मुलं मुलींवर पाणी उडवतात. हा सण पोलिश स्थलांतरितांबरोबर अमेरिकेत गेला आणि बफेलो शहरात तो आता मिरवणुकीसह साजरा होतो. तिथे पाण्याच्या पिचकाऱ्यांना उत्तर मिळतं ते पुसी विलोच्या काड्यांच्या फटक्यांनी.

आशियात याच काड्या चांद्र नववर्षाच्या. सिंगापूर आणि मलेशियात त्या काळात दुकानांपुढे पुरुषभर उंचीच्या जुड्या उभ्या असतात. भरभराटीचं लक्षण म्हणून त्या लाल फितींनी सजवून दिवाणखान्यात ठेवतात. तैवानच्या यिलान भागातलं सानशिंग हे गाव या पिकासाठी प्रसिद्ध आहे. तिथे सणाच्या तारखेवर डोळा ठेवूनच काढणी होते.

स्वतःच्या बागेतल्या काड्या लवकर उमलवायच्या असतील, तर हिवाळ्याचे किमान सहा-आठ आठवडे उलटून जाऊ द्यावेत. जानेवारीच्या अखेरीस, हवा गोठणबिंदूच्या वर असलेल्या दिवशी, फुगीर कळ्यांच्या काड्या कापाव्यात, कोमट पाण्यात ठेवून उजेडाच्या पण थंडशा खोलीत न्याव्यात. पाणी दर दोन-तीन दिवसांनी बदलावं. एक ते तीन आठवड्यांत टोप्या गळतात. यानंतर निवड करायची असते. पाणी चालू ठेवलं तर गोंडे पिवळे होतात, टेबलावर पराग सांडतात, पानं आणि मुळं फुटतात. गोंडे पूर्ण रुपेरी झाल्यावर पाणी ओतून दिलं आणि काड्या कोरड्या फुलदाणीत ठेवल्या, तर ते तसेच वाळतात आणि वर्षभर टिकतात.

भारतात हे झुडूप वाढवायचं तर काश्मीर किंवा हिमाचलच्या उंच भागातच, जिथे कळीला हवी ती थंडी मिळते. काश्मीरमध्ये त्याचा एक आप्त पूर्वापार लावला जातो. त्याच्या सुगंधी गोंड्यांपासून काढलेला अर्क बेदमुश्क युनानी वैद्यकात वापरतात. पुण्या-मुंबईच्या हवेत मात्र ऑनलाइन मागवलेली पुसी विलोची रोपं बहुधा एक-दोन उन्हाळ्यांत खंगतात. त्यावर पैसे घालवण्यापेक्षा महाराष्ट्राच्या स्वतःच्या विलोकडे पाहावं. ओढ्या-नद्यांच्या काठी वाढणारा वाळुंज हा याच सॅलिक्स प्रजातीतला. विल्यम रॉक्सबर्ग यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस त्याला सॅलिक्स टेट्रास्पर्मा हे शास्त्रीय नाव दिलं. हा झुडूप नव्हे, चांगला उंच वृक्ष आहे. त्याचे फुलोरे रुपेरी लवेचे नसतात, सडपातळ, पिवळसर आणि मंद वासाचे असतात, पण मधमाश्यांना ते तितकेच प्रिय आहेत. त्याचीही नर आणि मादी झाडं वेगळी असतात. पानं झडलेल्या दिवसांत कापलेली अंगठ्याएवढी जाड काडी शेततळ्याच्या किंवा ओढ्याच्या ओल्या काठात खोल रोवली, तर तीही तशीच लागते आणि पुढे तिची मुळं काठाची माती धरून ठेवतात. पहिल्या उन्हाळ्यात काठ सुकला तर तिला पाणी घालावं लागतं, आणि शेळ्या विलोच्या पाल्यावर तुटून पडत असल्यानं पहिली दोन वर्षं भोवती काट्यांचं कुंपण हवं.